पावसाचे रडारचित्र वाचताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे हे संस्कारित रूप. भाषणाच्या वेळी पडद्यावर दाखविलेली चित्रे येथे अर्थातच देता आली नाहीत. त्यांच्या जागी शक्य तेथे वर्णन घातले आहे.)



साहित्य, संगीत आणि नाट्य यांच्या पंगतीत पावसाच्या नकाशालाही एक पाट मांडलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु मुलखापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबात घरी फोन लावल्यावर दुसरा प्रश्न कोणता विचारला जातो, ते आठवून पाहा. पहिला प्रश्न प्रकृतीचा असतो आणि दुसरा ‘तिकडे पाऊस आहे का?’ हा. रायपुरात आपण राहतो. आपले आईवडील, सासुसासरे, भाऊबंद नागपूर-वर्ध्याला, पुण्या-कोल्हापूरला नाहीतर कोकणात असतात. पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर पत्राने येई, तोवर पाऊस ओसरून उन्हे पडलेली असत. आता खिशातल्या मोबाइलवर ढगांचे रंगीत चित्र दर दहा-पंधरा मिनिटांनी बदलत असते. साधन हाती आले. ते वाचावे कसे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग एकाच घरात तीन मोबाइलांवर तीन निरनिराळी चित्रे दिसतात, एकात पाऊस कोसळत असतो, दुसऱ्यात आकाश निरभ्र असते, आणि ‘हे सगळे थोतांड आहे’ असा निवाडा होऊन विषय संपतो. हा निवाडा चुकीचा आहे, आणि तो कधी कधी महागात पडतो, असे आमचे म्हणणे आहे. आम्ही हवामानशास्त्राचे पंडित नव्हे. आवडीने ही चित्रे पाहात आलो, पाहता पाहता जे उमगले तेवढेच येथे सांगणार आहोत.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. रडार ढगांचे छायाचित्र काढीत नाही, ते हाक मारते आणि प्रतिध्वनी ऐकते. एका मोठ्या फिरत्या थाळीतून रेडिओलहरींचा क्षणिक ठोका आकाशात सोडला जातो. वाटेत पावसाचे थेंब किंवा गारा भेटल्या तर त्यांवरून आपटून त्याचा अत्यल्प अंश परत येतो. जाऊन येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. दीडशे किलोमीटरवरील पावसाला शिवून परत येण्यास त्या लहरीला एका सेकंदाचा एक हजारांश भाग पुरतो. प्रतिध्वनी किती जोरकस आहे त्यावरून पावसाचा जोर अजमावला जातो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधणाऱ्या सैनिकांना पडद्यावरचे पावसाचे डाग म्हणजे निव्वळ कटकट वाटे. युद्ध संपल्यावर त्या कटकटीचेच शास्त्र झाले. १९४८ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मार्शल आणि पामर ह्या दोघांनी थेंबांच्या आकारांविषयीचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या आधारे बसविलेले गणित आजही जगभर वापरात आहे.

आपल्या देशात हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. पुण्यात राहिलेल्यांना शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ ठाऊक असेलच; खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून ते नाव पडले, आणि दिल्लीला मुख्यालय गेल्यावरही पुणेकरांनी ते सोडले नाही. थेंब आपल्याकडे येत आहेत की आपल्यापासून दूर जात आहेत हेही ओळखणारे आधुनिक रडार, ज्यास १८४२ साली ते तत्त्व मांडणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘डॉप्लर रडार’ म्हणतात, भारतात प्रथम चेन्नई येथे २००२ साली कार्यान्वित झाले. नागपूरला ते त्यानंतर आले, आणि आता रायपूरलाही आहे.

चित्र उघडल्याबरोबर रंगांकडे धावू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आधी कोपऱ्यातील बारीक अक्षरे वाचावीत. तेथे रडारचे गाव, चित्राचा प्रकार आणि वेळ लिहिलेली असते. ह्या तिहींपैकी वेळ सर्वांत अधिक फसवते. हवामान खात्याच्या पुष्कळशा चित्रांवर जागतिक प्रमाणवेळ छापलेली असते. तीत साडेपाच तास मिळविले की आपली वेळ येते. चित्रावर नऊ वाजलेले दिसले तर ते सकाळचे नऊ नव्हेत, दुपारचे अडीच होत. (जाता जाता सांगावयाचे तर वर्तमानपत्रात येणारा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा जो मोजतात, त्याचेही मूळ येथेच आहे : साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे बरोबर तीन.) यंत्र दुरुस्तीसाठी बंद असले, तर शेवटचे चित्र तसेच राहून जाते. काल सायंकाळचा ढग पाहून आज दुपारी वाळवणे आत घेणाऱ्या गृहिणीला हसण्यात अर्थ नाही. तारीख कोणीच पाहात नाही.

चित्राचे प्रकार अनेक आहेत. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर एका रडारखाली चार-पाच नावे दिसतात. सामान्य माणसाला त्यांतील दोन पुरेत. एक ‘मॅक्स झेड’ : ह्यात त्या ठिकाणी आकाशात कोणत्याही उंचीवर मिळालेला सर्वांत जोरकस प्रतिध्वनी दाखविलेला असतो. दुसरे ‘एसआरआय’ : ह्यात जमिनीलगत ताशी किती मिलिमीटर पाऊस पडत असावा, ह्याचा अंदाज असतो. पहिल्यात भडक लाल आणि दुसऱ्यात फिकट निळा असे एकाच जागी दिसले, तर भांबावून जाऊ नये. पाणी वर आहे, ते अजून खाली पोचलेले नाही, किंवा वाटेतच सुकून जात आहे, असा त्याचा अर्थ. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की ढगातून सुटलेल्या धारा जमिनीला शिवतच नाहीत. त्या वेळी ‘रडार खोटे बोलते’ असे म्हणतात. ते खोटे बोलत नाही, ते आकाशाविषयी बोलते आणि आपण अंगणाविषयी ऐकतो.

आता रंग. चित्राशेजारी एक उभी पट्टी असते आणि तिच्यावर ‘डीबीझेड’ ह्या मापाचे आकडे असतात. हे माप साध्या पायऱ्यांचे नाही. मार्शल-पामर यांच्या गणिताप्रमाणे वीस आकड्याला पाऊस ताशी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, म्हणजे छत्री उघडावी की न उघडावी असा, तीसला ताशी सुमारे पावणेतीन मिलिमीटर, चाळीसला साडेअकरा, आणि पन्नासला जवळजवळ एकोणपन्नास मिलिमीटर. दहा आकडे वर गेले की पाऊस चौपटीहून थोडा अधिक होतो. म्हणून पिवळा आणि लाल ह्यांत दिसावयास थोडे अंतर असले तरी नालीत वाहणाऱ्या पाण्यात फार असते. शिवाय प्रत्येक संकेतस्थळाची रंगपट्टी वेगळी. एकाचा हिरवा तो दुसऱ्याचा पिवळा. आकडा पाहावा, रंग पाहू नये; हे एवढे पाळले तरी घरातील तीन मोबाइलांचे भांडण पुष्कळसे मिटते.

पंचावन्नच्या पुढे आकडा गेला तर तो बहुधा पाऊस नसून गारा असतात. त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्यातील पाणी आठपट होते, पण त्याचा प्रतिध्वनी चौसष्टपट होतो. थोडेसे मोठे थेंब सगळ्या सभेचा आवाज दाबून टाकतात, आणि गारांपुढे तर कोणाचेच चालत नाही. उलट श्रावणातील बारीक थेंबांची संततधार दिवसभर चालून घर ओलेचिंब करते, पण चित्रात ती बिचारी फिकटच दिसते.

ह्यापुढचा मुद्दा आम्हां रायपूरकरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या प्रांताची राजधानी होती. ते राजकीय नाते संपले, तरी हवामानाच्या बाबतीत रायपूरने नागपूरकडेच पाहावे अशी स्थिती पुढेही राहिली. छत्तीसगढावरच्या ढगांसाठी आम्ही वर्षानुवर्षे नागपूरचेच रडारचित्र उघडीत आलो. ते चित्र साधारणपणे अडीचशे किलोमीटर त्रिज्येचे असते. नागपूरहून रायपूर सरळ रेषेत सुमारे दोनशे पासष्ट किलोमीटर. म्हणजे गोंदिया आत, डोंगरगड आत, राजनांदगाव आत, दुर्ग-भिलाईही काठावर का होईना आत, आणि रायपूर नेमके वर्तुळाच्या बाहेर! पंगत वाढता वाढता आपल्या पानाशी येऊन संपावी, तसे हे होते.

पण गोष्ट केवळ काठाची नाही. रडारचा किरण जमिनीला समांतर जात नाही. खालून घरे-झाडे आड येऊ नयेत म्हणून तो सुमारे अर्धा अंश वर रोखलेला असतो. त्यातच पृथ्वी गोल असल्यामुळे जमीन त्याच्या खालून वाकत जाते. परिणाम असा की शंभर किलोमीटरवर किरण जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो, दोनशेवर चार किलोमीटर, आणि नागपूरचा किरण रायपूरच्या माथ्यावर पोचेपर्यंत तो जवळजवळ साडेसहा किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. शिवाय तो पसरतही जातो. येथवर येताना त्याची जाडी चार-साडेचार किलोमीटर होते. वैशाखातील वळिवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो, तो त्याला दिसतो. परंतु आषाढ-श्रावणातील पुष्कळसा पाऊस पाच-सहा किलोमीटर उंचीच्या बुटक्या ढगांतून पडतो. तो किरणाच्या खालून निसटतो. दुर्गमध्ये धो धो पाऊस आणि नागपूरच्या चित्रात दुर्ग कोरडे, ह्याचा उलगडा एवढाच आहे. कोणतेही चित्र पाहताना, आपले गाव रडारपासून किती दूर आहे, हे आधी स्वतःला विचारावे. शंभर किलोमीटरच्या आत विश्वास ठेवावा. दीडशेच्या पुढे हातचा राखून ठेवावा. दोनशेच्या पुढे जे दिसते ते खरे मानावे, पण जे दिसत नाही ते नाहीच असे मानू नये.

रायपूरचे रडार आल्याने आपली ही अडचण दूर झाली. पण त्याच्याही उणिवा आहेत. थाळी अगदी डोक्यावर पाहू शकत नाही. त्यामुळे रडारच्या माथ्यावरचा शंकूच्या आकाराचा प्रदेश त्याला अदृश्य राहतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खुद्द शहरावर ढग उभा असेल तर त्याची उंची दुसऱ्या रडारच्या चित्रावरूनच बरी कळावी, अशीही वेळ येते. तेव्हा एक रडार आले म्हणून दुसरे टाकू नये.

रायपूरहून दीड-दोनशे किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी मॅक्स झेड चित्रात एक मौल्यवान गोष्ट असते आणि तिच्याकडे शंभरांतील नव्व्याण्णव लोक पाहात नाहीत. मुख्य चौकोनाच्या वर आणि उजव्या बाजूला दोन अरुंद पट्ट्या असतात. त्या ढगाची उंची दाखवितात. घराच्या नकाशाबरोबर बाजूचा देखावाही काढावा तसे हे आहे. चौकोनातील लाल डागावरून बोट सरळ वर न्यावे, पट्टीत तो रंग किती किलोमीटरपर्यंत चढला आहे ते पाहावे. आपल्याकडे उन्हाळ्या-पावसाळ्यात पाच किलोमीटरच्या आसपास पाणी गोठू लागते. चाळीसच्या आसपासचा प्रतिध्वनी सात किलोमीटरच्या वर पोचला, तर वर बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासून विद्युत्भार साठत आहे आणि त्या ढगात वीज आहे, किंवा लवकरच होणार आहे, असे समजावे.

हे कुतूहलापुरते सांगत नाही. येथील लोक जिला ‘गाज’ म्हणतात ती दर पावसाळ्यात ह्या प्रदेशात माणसे नेते. जी जातात ती बहुतेक रोवणीसाठी बांधीतल्या पाण्यात उभी असलेली, गुरे राखणारी किंवा पाऊस लागला म्हणून झाडाखाली थांबलेली असतात. आपल्यापैकी अनेकांची शेती धमतरी-बेमेतऱ्याकडे आहे, अनेकांचे गडी तेथे राबतात. पाऊस अजून दहा किलोमीटर दूर असतानाही वीज पडू शकते. तेव्हा लाल डाग शेताच्या काठावर येण्याची वाट न पाहता, तो पंधरा-वीस किलोमीटरवर असतानाच फोन करून माणसे पक्क्या घरात बोलवावीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाइलसाधन तयार केले आहे. आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज होत असल्यास ते सूचना देते. रडारचित्राच्या जोडीला ते असावे. आणि मोबाइलला रेंज नसेल तेव्हा जुनी रीत आहेच : चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत, तिनाने भागावे, तेवढे किलोमीटर. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास होईतो बाहेर पडू नये.

ढग कोठे निघाला आहे, हे एका चित्रावरून कळत नाही, दोन लागतात. आम्ही त्यासाठी नागपूर-रायपूर लोहमार्गाचा उपयोग करतो. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई ही स्थानके आपणां सर्वांना सुटीच्या प्रवासामुळे तोंडपाठ आहेत. रायपूरपासून सरळ रेषेत दुर्ग छत्तीस, राजनांदगाव बासष्ट आणि डोंगरगड एक्याण्णव किलोमीटर, एवढे लक्षात ठेवावे. समजा, दुपारी तीनला ढगाची पुढची कड डोंगरगडला होती आणि पाऊण तासाने ती राजनांदगावला आली. पाऊण तासात एकोणतीस किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे एकोणचाळीस. उरलेल्या बासष्टांना दीड तासाहून थोडे अधिक. सव्वापाच-साडेपाचला तो रायपुरात. पुरेपूर हिशेब, पण गाडीप्रमाणेच ढगही वेळेवर येतोच असे नाही. तो वाटेत विरतो, किंवा त्याच्या पुढ्यात नवाच ढग उभा राहतो. म्हणून एका तासाच्या आतील हिशेबावर भिस्त ठेवावी, दोन तासांचा अंदाज म्हणून घ्यावा, त्यापुढे रडारवरून काहीही सांगू नये. वळिवात आणखी एक ध्यानात ठेवण्यासारखे : ढगातून कोसळलेली थंड हवा पावसाच्या पुढे धावते. पाऊस साडेपाचला यावयाचा असेल तर मंडपाचे कापड पाचलाच उडू लागते.

दिशेच्या बाबतीत आपल्या मराठी मनाला एक जुनी सवय मोडावी लागते. देशावर आणि कोकणात वाढलेला माणूस पावसासाठी पश्चिमेकडे पाहतो. त्याचा पाऊस अरबी समुद्रातून येतो. रायपुरात उन्हाळ्यातील वादळी ढग बहुधा पश्चिमेकडूनच येतात, तेथपर्यंत ही सवय चालते. परंतु खऱ्या पावसाळ्यात आपल्या भाताचे पाणी पूर्वेकडून येते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते ओडिशाचा किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकत छत्तीसगढावर येते. त्या दिवसांत नागपूरकडे डोळे लावण्याऐवजी पारादीप, गोपालपूर आणि विशाखापट्टणम येथील रडारचित्रे पाहावीत. येथे पाऊस सुरू होण्यापूर्वी एक-दोन दिवस तेथे हालचाल दिसते.

आणि येथे एक गंमत होते. असे क्षेत्र स्वतः पश्चिमेकडे जात असते, पण त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असतात. केंद्र रायपूरच्या उत्तरेकडून जात असेल, तर आपल्यावरचे वारे पश्चिमेचे असतात, आणि चित्रात एकेक ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे धावताना दिसतो. तो पाहून ‘पाऊस चालला ओडिशाकडे’ असा निष्कर्ष काढू नये. गरगर फिरणाऱ्या भोवऱ्यावरचा ठिपका मागे जातो म्हणून भोवरा पुढे सरकावयाचा थांबत नाही. उलट अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्येस सर्वांत अधिक पाऊस पडतो, तेव्हा केंद्र ईशान्येस आहे म्हणून आपण निर्धास्त राहणे बरे नव्हे. खारून, शिवनाथ आणि महानदी फुगतात त्या अशाच दिवसांत.

चित्रातील खोट्या खुणांविषयी फार बोलत नाही. रडारच्या अगदी जवळ कायम एकाच जागी दिसणारे ठिपके म्हणजे टेकड्या आणि उंच इमारती. पाऊस हलतो, त्या हलत नाहीत. केंद्रापासून काठापर्यंत सरळ गेलेली बारीक रेघ म्हणजे उगवता-मावळता सूर्य किंवा दुसऱ्या कोणत्या तरी यंत्राचा व्यत्यय. जोराच्या पावसाच्या पाठीमागे पाचरीसारखा मोकळा भाग दिसला, तर तेथे कदाचित पाऊस असूनही किरण तेथवर पोचलेला नाही असे समजावे.

खासगी संकेतस्थळे आणि मोबाइलसाधने ह्यांविषयी मात्र सावधगिरीचा एक शब्द. त्यांवरील सुरेख हलते चित्र रडारचे असेलच असे नाही. कित्येकदा ते उपग्रहावरून काढलेले अनुमान असते, आणि पुष्कळदा तर संगणकाने केलेले भाकीत असते. ओळखण्याची खूण सोपी आहे : चित्राखालील काळरेषा ‘आता’च्या पुढे गेली की ते रडार राहिले नाही. जे अजून घडलेले नाही त्याचा प्रतिध्वनी कोठून येणार? भाकीत वाईट असते असे नव्हे, परंतु ते प्रत्यक्ष म्हणून वाचले की घोटाळा होतो. खात्याचे स्वतःचे ‘मौसम’ हे साधन २०२० पासून उपलब्ध आहे. त्यात आणि खात्याच्या संकेतस्थळावर पुढील तीन तासांचा तात्कालिक इशाराही मिळतो. तो देणारी मंडळी रडारबरोबर उपग्रह आणि वेधशाळांची निरीक्षणेही पाहात असतात. आपल्या डोळ्यांना चित्रात काही दिसत नसले आणि इशारा नारिंगी किंवा लाल असला, तर आपले डोळे बाजूला ठेवावेत आणि इशारा मानावा.

आता गावाकडच्या माणसांविषयी. २६ जुलै २००५ ची आठवण येथे बसलेल्या अनेकांना असेल; मुंबईत ज्यांचे कोणी होते त्यांनी ती रात्र फोन फिरवीत काढली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात, पंचवीस किलोमीटरही दूर नसलेल्या कुलाब्याला अवघा ७३. मुंबईला त्या वेळी डॉप्लर रडार नव्हते. असते तरी पाऊस थांबला नसता, हे उघड आहे. पण एकाच शहराच्या उत्तरेस ढग ठाण मांडून बसला आहे आणि दक्षिणेस तो नाही, हे पडद्यावर दिसले असते, आणि दुपारी कचेऱ्या सोडून उपनगरांकडे निघालेल्यांपैकी काही जण जागीच थांबले असते. ‘मुंबईत पाऊस’ हा शब्दप्रयोग किती अपुरा आहे, हे त्या दिवसाने शिकविले. म्हणून दूरच्या नातलगांसाठी चित्र पाहताना शहराचे नाव पुरत नाही. घर नेमके कोठे आहे ते नकाशावर शोधून ठेवावे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांची घरे आहेत त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सह्याद्रीवर आदळून पडणारा पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांचा आणि बारीक पण दाट थेंबांचा असतो. रडार त्याला नेहमी कमी लेखते. फिकट हिरव्या रंगाखाली तेथे दिवसात दोन-दोनशे मिलिमीटर पाणी पडून जाते. शिवाय डोंगरच किरणाच्या आड येतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर : रडार पाऊस दाखवते, पूर दाखवीत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे जे झाले ते घाटात आणि धरणांच्या पाणलोटात पडलेल्या पावसाने झाले. राधानगरीकडे कोसळलेले पाणी पंचगंगेला उतरावयास वेळ घेते. कोल्हापूरवर चित्र स्वच्छ झाले, ऊनही पडले, आणि नदी चढतच आहे, असे होऊ शकते. तेव्हा तेथील वडीलधाऱ्यांना ‘आता उघडले, काळजी नको’ असे येथून चित्र पाहून सांगू नये. धरणाचा विसर्ग आणि नदीची पातळी ह्यांची माहिती जिल्हा प्रशासन देत असते, ती पाहून बोलावे.

व्याख्यानानंतर एका भगिनींनी विचारले, की वडील नागपूरला एकटे असतात, त्यांना मोबाइलवरची चित्रे कळत नाहीत, तर आम्ही येथून पाहून त्यांना काय सांगावे? आम्ही म्हणालो, रंग सांगू नका, आकडाही सांगू नका. ढग त्यांच्या घराच्या कोणत्या बाजूला आहे, किती वाजेपर्यंत येईल, आणि त्यात वीज आहे की नाही, एवढ्या तीनच गोष्टी सांगा. त्यांनी खिडकीतून त्या बाजूस पाहून काय दिसते ते तुम्हांला सांगावे. नागपूरचे रडार तेथून जवळच असल्याने तुमचे चित्र स्वच्छ असेल. माथ्यावरचा शंकू तेवढा त्याला दिसत नाही, आणि तो वडिलांच्या खिडकीतून दिसतो. फोन मात्र ढग पोचण्यापूर्वी करावा, कारण वारा सुटला की आधी वीज जाते आणि पाठोपाठ फोनही लागेनासा होतो.